तिसरी चिठ्ठी

“या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ता सांगावी,” असं वाचून फादर बेर्नार्द चिठ्ठीची घडी घालू लागले. लग्नापूर्वी लागोपाठ तीन रविवार नावं वाचायची, हरकत विचारायची आणि तेवढ्यात लोकांनी जेवणावळीत डुकराच्या मटणाचं सोरपोतेल असेल की नाही याचा विचार करायचा, अशी रत्नागिरीच्या त्या चर्चमधली रीत. हरकत कोणी घेत नसे.

चौपन्न सालच्या त्या तिसऱ्या चिठ्ठीला नवरदेवच उभा राहिला.

“माजी हाय, फादर.”

इनास फर्नांडिस. मिरकरवाडा बंदरात नझीर नावाच्या मालकाच्या मचव्यांची शिडं शिवणारा, चाळिशीकडे झुकलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तापाने फणफणला तरी रविवारचं कम्युनियन, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, ओस्ती, घेणं, त्याने कधी चुकवलं नव्हतं.

“मला बाईची ओढ नाय. बाप्यांचीच हाय, पयल्यापासून. आंजेलिनला फसवायचं नाय मला.”

मागे कोणीतरी हसलं. आंजेलिनचा बाप लेकीचा दंड धरून निघाला आणि जाता जाता इनासच्या पायाशी थुंकला. देवाच्या घरात थुंकलेलं कोणाला खटकलं नाही. खटकलं ते खरं बोलणं.

फादरनी त्याला मागच्या खोलीत गाठलं.

“कुमसाराच्या जाळीआड कबुली देताना मला सांगितलंस, तिथेच ते संपलं होतं. ओढ असणं पाप नव्हे, दाबून ठेवायची असते. तू चव्हाट्यावर मांडलीस, हे पाप.”

“तुमीच म्हणालात, लगीन कर, सगळं सुरळीत होईल. हरकत तुमाला ठावूक होती, फादर. पण कुमसारात ऐकलेलं तुमाला बाहेर बोलता येत नाय. मला येतं.”

फादर माणूस वाईट नव्हते. पण पंचाईत झाली की चांगला माणूसही कठोर होतो.

“पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांग, डोकं फिरलं होतं म्हणून. तोवर कम्युनियन नाही.”

घरी आठवडाभर आईने, नातालीबायने, तेच लावून धरलं.

“म्हण रे इनासा. तुजं काय जातंय? माज्या मयताला खांदा द्यायला कोण येईल मग?”

“आये, एक खोटं मोडायला उभा रायलो. दुसरं बोलायला कसा राहू?”

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी तो उभा राहिला नाही. कम्युनियनच्या वेळी मात्र नेहमीसारखा पुढे गेला आणि आईच्या शेजारी कठड्याशी त्याने गुडघे टेकले. उजवीकडची बाई पदर आवरून सरकली. फादर एकेकाच्या जिभेवर ओस्ती ठेवत आले, इनासपाशी क्षणभर थांबले आणि पुढे सरकून नातालीबायसमोर वाकले. तिने डोळे मिटून ओस्ती घेतली.

इनासचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्याने ते मिटलं, आणि म्हाताऱ्या आईला उठताना नेहमी लागायचा म्हणून हात पुढे केला. तिने कठडा धरला आणि एकटीच उठली.