कमाल मेमरी

“आठ घातली अन् चारच दाखवून राह्यला बाप्पा हा!”

आवाज टेबलाखालून आला. धर्मपालभाऊंचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते, आणि त्या पायांवरूनच मला कळलं की आज प्रकरण गंभीर आहे. एरवी ते चपला लॅबच्या दाराबाहेर काढून नीट जोडीनं ठेवतात. आज एक चप्पल पायातच होती.

“दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा,” मी म्हणालो. मी मराठीचा शिक्षक. स्लॉट हा शब्द मी त्याच सकाळी त्यांच्याकडून शिकलो होतो.

“लावून पाह्यली सर. खोडरबरनं घासून पाह्यली. एकएक पट्टी येगयेगळी लावून पाह्यली, तं दोन्ही धडधाकट हायत. आता का नारळ फोडू हिच्यासमोर? ते आमच्यात चालत बी नाई.”

अकोटच्या आमच्या शाळेत अठरा कंप्युटर आहेत आणि प्रत्येकात चार जीबी रॅम होती. रॅम म्हणजे काय, हे धर्मपालभाऊ पोरांना असं सांगतात, की रॅम म्हणजे घरापुढचा ओटा. ओटा मोठा असला तर जास्त माणसं बसतात आणि कामाच्या गोष्टी भराभर होतात. लहान असला तर एकाला उठवल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. यंदा प्रत्येक कंप्युटरात चारची आणखी एक पट्टी बसवून ओटा आठचा केला. अठराही पट्ट्या धर्मपालभाऊंनी शनिवारी स्वतःच्या हातानं बसवल्या. सोमवारी चालू करून बघतात तर सगळ्यांवर एकच ओळ: ‘स्थापित मेमरी ८ जीबी, वापरण्यायोग्य ३.९’.

“म्हंजे ओटा आठाचा,” ते बाहेर येत म्हणाले, “अन् बसू देते चौघाइलेच. बाकीचे चौघं काय उनात उभे ठेवले?”

ही रॅम मिळवायलाच आम्हाला तीन वर्षं लागली होती, आणि त्यातली दोन माझ्यामुळे. शाळेत कोणाचाही अर्ज असो, मसुदा माझा असतो. माझी भाषा निर्दोष आहे असा सगळ्यांचा समज आहे, माझाही. पहिला अर्ज मी ‘स्मरणशक्ती वाढवून मिळणेबाबत’ असा शुद्ध मराठीत लिहिला. संस्थेचे सचिव नत्थुजी यांनी तो वाचला, विचारात पडले आणि स्मरणशक्ती या विषयावर अकोल्याच्या एका वैद्यांचं व्याख्यान ठेवलं. अठ्ठ्याण्णव पोरांनी ब्राह्मीचे फायदे ऐकले. दुसऱ्या वर्षी मी तोच अर्ज पुन्हा दिला, तेव्हा त्यांनी मला बोलावून काळजीनं विचारलं, “मास्तर, एवढं काय इसरून राह्यले तुमी?”

आता रॅम आली तर ही तऱ्हा. आणि त्या दिवशी तऱ्हा परवडणारी नव्हती. नत्थुजींनी अमरावतीहून इंजिनियर बोलावला होता. नत्थुजींचं म्हणणं साफ होतं: मशीन नवी रॅम घेत असेल तर ठीक, घेत नसेल तर अठराही भंगारात. मग लॅब एका एजन्सीला द्यायची. ती नवे कंप्युटर आणणार आणि स्वतःचा माणूस आणणार.

म्हणजे धर्मपालभाऊ पुन्हा फाटकावर. कारण कागदोपत्री धर्मपाल तेलगोटे हे शिपाईच होते. तेवीस वर्षांपूर्वी लॅबची किल्ली कोणी घ्यायला तयार नव्हतं, ती त्यांच्या हातात दिली गेली. मग ते बघूनबघून शिकले, उघडूनउघडून शिकले. घंटाही तेच देत, कारण घंटेचं काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं. प्रयोगशाळा सहायक करा, असा अर्ज त्यांनी सहा वेळा केला. अर्ज अर्थातच मीच लिहून दिले. त्यांना संस्थेची उत्तरंही मीच लिहिली. दोन्हीकडची भाषा निर्दोष होती. आता त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि ती त्यांना या खोलीत काढायची होती. एवढंच त्यांचं मागणं होतं.

अकराला इंजिनियर आला. कुंदन त्याचं नाव. मार्च संपायचा होता पण पारा एक्केचाळीसवर होता, त्यामुळे तो आधी पाणी प्यायला आणि मग पहिल्या कंप्युटरपुढे बसला. बसला आणि थबकला.

“काका, हे कोनत्या भाषेत हाय?”

“मराठीत,” धर्मपालभाऊ म्हणाले.

“मराठीत असं असते?”

इथं मी खिडकीबाहेर पाहिलं. हा उद्योग माझा होता. २०२० साली मराठी भाषा दिनाला मी हट्ट धरून अठराही कंप्युटर मराठी करायला लावले होते. पुढच्याच महिन्यात लॉकडाउन लागलं आणि माझं भाषाकार्य तसंच राहून गेलं. कुंदननं ‘प्रगत पर्याय’, ‘घटक’, ‘कार्यप्रदर्शन’ अशा पाट्यांवरून दहा मिनिटं बाण फिरवला, दोन ठिकाणी चुकीच्या दारानं आत गेला आणि घाबरून बाहेर आला.

“आतला मदरबोर्डच पुराना हाय काका,” तो उठत म्हणाला. “आठ झेपतच नाई त्याले. तुमी कायले तरास घेता? मी लिहून देतो.” आणि तो रिपोर्ट लिहायला प्राचार्यांच्या खोलीकडे गेला. तिथं नत्थुजी आले होते आणि पोहे सांगितले होते.

धर्मपालभाऊ तसेच उभे राहिले. मी म्हणालो, “इंजिनियर म्हणतोय तर...”

“सर, त्यानं पेटी उघडली बी नाई. मी रोगी न पाहता चिठ्ठी देनाऱ्याले डाक्टर म्हनत नाई.”

त्यांनी कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि चालू होतानाच एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला, सगळा इंग्रजीत. त्यावर एके जागी त्यांनी बोट ठेवलं.

“वाचा.”

“आठ हजार एकशे ब्याण्णव.”

“म्हंजे आठ! बोर्डाले आठ झेपते. उठताना आठ म्हनते गडी, अन् मराठीत आला की चार!”

मराठीत आल्यामुळे कोणाचे चार जीबी कमी झाले, हा आरोप मी ऐकून घेणार नव्हतो. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. “आतून कोणीतरी अडवतंय,” मी म्हणालो. हे वाक्य मी रागानं बोललो, पण ते बरोबर निघालं.

“आतून...” धर्मपालभाऊंचा हात माउसवर थांबला. “सर, एक जागा हाय. तिथं म्या एकदा हात घातलता.”

लॉकडाउनमध्ये ते दर मंगळवारी सायकलवर शाळेत येत. उंदीर लागू नयेत म्हणून अठराही मशीन तासभर चालू ठेवत आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत बसत. त्यात एक हिंदी व्हिडिओ होता, कंप्युटरला रॉकेट बनवण्याचा. अमुक खिडकी उघडा, तमुक चौकोनात टिक करा. त्यांनी ती खिडकी आता माझ्यापुढे उघडली. एका चौकोनात टिक होती, पुढे ४०९६ आकडा, म्हणजे चार जीबी, आणि शेजारी लिहिलं होतं: ‘कमाल मेमरी’.

“हे तं बरोबर हाय,” ते म्हणाले. “अठराइले मीच मारली टिक.”

“धर्मपालभाऊ, कमाल म्हणजे काय?”

“कमाल म्हंजे कमाल! जबरदस्त. क्या कमाल किया, म्हनत नाईत काय?”

“अहो, इथं कमाल म्हणजे जास्तीत जास्त. याच्यापुढे नाही. हद्द. पेपरात येत नाही का, अकोल्याचं कमाल तापमान पंचेचाळीस?”

“ते तं कमालच हाय ना सर! पंचेचाळीस म्हंजे काय खायाचं काम हाय?”

मी कपाळाला हात लावला. ते पडद्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि तो काही आनंदाचा नव्हता.

“म्हंजे म्या त्याले म्हनलं, बावा, कमाल कर. अन् त्यानं ऐकलं, चाराच्या वर जाऊ नोको.”

“बरोब्बर.”

“अन् गेला नाई बिचारा. पाच वर्सं झाले.”

त्यांनी टिक काढली आणि कंप्युटर पुन्हा चालू केला. आठ जीबी, वापरण्यायोग्य ७.९. मी टाळी वाजवणार होतो, पण ते डोकं धरून बसले होते.

“झालं ना काम!” मी म्हणालो. “बाकी सतरांचीही काढू. चूक कोणाची, हे सांगायची गरज काय? रॅमच्या पट्ट्या सैल बसल्या होत्या म्हणू.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सहामाहीच्या पेपरात कॉपी करताना सापडलो आहे.

“सैल? सर, त्या म्या बसवल्या हायत.”

शब्द चुकला हे ते चारचौघांत कबूल करायला तयार होते. हात चुकला असं खोटंसुद्धा म्हणवून घ्यायला तयार नव्हते. दुसरी चप्पल शोधून त्यांनी पायात घातली आणि ते निघाले. मीही मागोमाग गेलो. ते घाईनं चालत होते, मी जरा सावकाश.

प्राचार्य पौर्णिमा मॅडमच्या खोलीत पोह्यांच्या बश्या आल्या होत्या आणि कुंदनचा रिपोर्ट अर्धा झाला होता. धर्मपालभाऊ दारातच उभे राहिले.

“बोर्ड पुराना नाई जी. म्या चुकलो.” आणि त्यांनी व्हिडिओपासून तापमानापर्यंत सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. कुंदन पोहे सोडून लॅबकडे पळाला.

नत्थुजींनी चमचा खाली ठेवला. “पाच वर्सं अशी टिक होती अन् कोनाले पत्ता नाई लागला?”

“चारच होती, तं चारच दिसे जी.”

“अन् हे कंप्युटर मराठीत कोनं केलते?”

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. एकादशी गुरुवारी होती.

“ते... पयलेपासूनच तसे हायत जी,” धर्मपालभाऊ म्हणाले.

स्वतःच्या चुकीबद्दल एक अक्षर न गाळणारा माणूस माझ्यासाठी अख्खं वाक्य खोटं बोलला. मला लाज वाटली. पण मी कॅलेंडरवरून नजर काढली नाही.

नत्थुजी आधी गंभीर होते. मग ‘कमाल तापमान’ त्यांच्या आत कुठंतरी जाऊन पोचलं आणि ते हसायला लागले. दुपट्ट्यानं डोळे पुसत हसले. “धर्मपाल, तू बी ना! राहू दे, राहू दे ते लॅब. एजन्सी-बिजन्सी काई नोको.” मॅडम हसल्या. मग नत्थुजी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “मास्तर, खरंच त्याचा अर्थ तसा हाय काय? मी बी आजलोक...” आणि पुढचं वाक्य त्यांनी पोह्यांबरोबर गिळलं.

कुंदन परत आला तो दोन्ही हात जोडूनच. “काका, हे मले जन्मात सापडलं नसतं.” त्यानं जुना रिपोर्ट फाडला आणि नवा लिहिला. मशीन सुस्थितीत, रॅम पूर्ण, भंगाराची गरज नाही. शेवटी दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहायचा होता.

“धर्मपाल तेलगोटे,” मॅडम म्हणाल्या. “शिपाई.”

कुंदनचं पेन थांबलं. “शिपाई?”

“कागदोपत्री,” मॅडम म्हणाल्या. त्यानं लिहिलं.

दुपारभर आम्ही दोघांनी उरलेल्या सतरा मशीनवरच्या टिका काढल्या. म्हणजे त्यांनी काढल्या आणि मी प्रत्येक वेळी ‘सात पूर्णांक नऊ’ असं मोठ्यानं वाचलं. अठराव्यानंतर त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. मग लोखंडी कपाटातून एक फाइल आणली. आत सहा कागद होते, एकालाही सुरकुती नव्हती.

“सर, एक इचारू? इथं बी हाच शब्द हाय काय?”

त्यांनी बोट ठेवलं होतं तिथं लिहिलं होतं: ‘प्रयोगशाळा सहायक या पदांची कमाल मर्यादा पूर्ण झाली असल्याने आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही.’ सहाही कागदांत तेच वाक्य, स्वल्पविरामासह.

“हो,” मी म्हणालो. “हाच.”

“मले वाटे,” ते म्हणाले, “पयले कौतुक करते अन् मंग नाई म्हनते. म्हनलं, मोठ्या लोकाइची रीत असन. म्हून जपून ठेवले.” आणि ते स्वतःशीच थोडं हसले. “म्हंजे इथं बी कोनं तरी टिक मारून ठेवली.”

मी एकेक कागद उलटून पाहिला.

“तुमीच लिहता ना सर हे, म्हून तुमाले इचारलं. ते काढता नाई येत काय?”

“येईल,” मी म्हणालो. “आपण सातवा अर्ज करू. मी आजच लिहितो. आणि या वेळी उत्तर लिहायला बसणार नाही.”

“लिहा ना,” ते म्हणाले. “पन सोप्या मराठीत लिहजा.”

त्यांनी सहाही कागद होते तसे फाइलमध्ये लावले, कडा जुळवल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं कमी होती. दाराबाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या, या वेळी दोन्ही. मी कागद पुढे ओढला आणि ‘विषय’ लिहून थांबलो. समोर अठरा पडदे चालू होते.

घंटा झाली. पाच म्हणजे पाचला.