सुंदराच्या मुठीतला राक्षस

मित्रांनो, मी शाडूच्या मातीचा एक जुना गोळा आहे. आज मला पाहून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी राक्षस होतो. मुलं माझ्यासमोरून जाताना भिंतीला चिकटून जात. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त भित्रा मीच होतो.

माझा जन्म दूर कुठे तरी समुद्राकाठच्या चिखलात झाला. तिथून पोत्यात भरून मला पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आणलं. तिथे मला कुटलं, चाळलं, भिजवून पायांनी तुडवलं. माझ्याबरोबरची माती बघता बघता कुठे सोंड झाली, कुठे मोदक झाली, कुठे उंदराची शेपटी. मी उरलो. चतुर्थी आली तसे सगळे गणपती वाजतगाजत गेले आणि पुढे पाण्यात सोडले गेले, असं मी ऐकलं. पाण्यात त्यांचं काय झालं ते सांगायला कोणीच परत आलं नाही. मळण्यापुरतं पाणी मला चालायचं, पण ज्यात अख्खं बुडायचं त्या पाण्याची भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली.

खालापूर तालुक्यातल्या एका लहान शाळेत थोरवे गुरुजी होते. मातीकामाच्या तासासाठी त्यांनी मला मागून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून शाळेत आणलं. एक कौलारू खोली, तिच्यात चार इयत्ता, आणि खिडकीतून दिसणारी पाताळगंगा. घमेल्यात ओल्या गोणपाटाखाली माझं घर झालं. पहिल्या वर्षी मुलांनी माझे आंबे केले, मिरच्या केल्या, जातं केलं, बैल केले. तपासणीला आलेल्या साहेबांनी बैल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, डुक्कर छान जमलंय." तरीही गुरुजी ते कौतुक बरेच दिवस सांगत असत.

मग गुरुजींनी दर शनिवारी एक गोष्ट सांगायला घेतली. एक राजा, एक राज्य, राज्यात एक जादूचा दिवा, एवढीच ती होती. पण गुरुजींनी एक नियम केला. जो मातीचं पात्र करील, त्याचं पात्र गोष्टीत येईल. गुरुजींना कोणा मुलाला नाही म्हणता येत नसे. गजाने दोन तोंडांचा वाघ केला. कमळ्याने उडणारी एसटी केली. जैतूला एकच माणूस करता येत होता, म्हणून त्याने एकसारखे सात राजपुत्र केले. शिवाय बोलणारी घोरपड, तीन चेटकिणी, अदृश्य होणारा न्हावी. फळीवर जागा पुरेना.

सगळ्यांत शेवटी सुंदरा उठली. ही पाचवीच्या तोंडावर आलेली मुलगी नदीपलीकडच्या वाडीतून एकटीच येत असे. तिचा बाप येसाजी माथेरानला माणसं ओढायच्या रिक्षावर होता आणि पावसाळ्यापुरताच घरी येई. तिच्या वाटेवर, नदी ओलांडायच्या दगडांपाशीच, एक काळा डोह होता. सुंदराने घमेल्यात उरलेली सगळी माती घेतली आणि माझा राक्षस केला. बांबूच्या चिपांचे दात लावले, लाल गुंजांचे डोळे बसवले.

"हा कोण गं?" गुरुजींनी विचारलं.

"डोहात राहतो त्यो. त्याला कुणी बघितला नाय."

त्या शनिवारी गुरुजींनी मला गोष्टीत घेतलं. मी डोहातून वर आलो, राजाचा जादूचा दिवा गिळला, सगळीकडे अंधार केला, आणि शाळा सुटली. पुढच्या शनिवारी मला कोणी मारायचं हा प्रश्न आला.

"माझा वाघ मारंल," गजा म्हणाला.

"तुझा वाघ तं दिवाळीआधीच दगड झालाय."

"मग राजपुत्र."

"कंचा? सात हायेत."

"तिसरा."

"त्यो एसटीत बसून गेला."

"एसटी कुठं हाय रं, कमळ्या?"

"यायची हाय अजून," कमळ्या म्हणाला.

मुलं हसली, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कपाळावरून हात फिरवला. कोण कुठे आहे, कोण कोणाच्या शापात आहे, त्यांनाही आठवत नव्हतं. गोष्ट तिथेच थांबली. आणि मित्रांनो, गोष्ट थांबली तेव्हा राक्षस मोकळा होता.

ही साधी गोष्ट नव्हे. पहिलीतली मुलं फळीखालच्या माठातलं पाणी प्यायला जाईनात. गुरुजींनी माझं तोंड भिंतीकडे केलं, तर नागू नावाचा एक चिमुरडा म्हणाला, "आता त्यो पाठीनं बघतोय." आणि सगळ्यांत जास्त भ्याली ती सुंदरा, जिने मला केलं होतं. इतरांचा राक्षस शाळा सुटली की फळीवर राहायचा. तिचा तिच्या वाटेवर होता.

तीन-चार दिवस ती आलीच नाही. मग एका सकाळी तिची आई अंबाबाई तिला हाताला धरून घेऊन आली. शेतात भाताची कापणी चालू होती. कमरेला विळा तसाच होता.

"गुरुजी, पोर भेते. डोहाशी आली का पाय टाकीत नाय. मी कापणी टाकून रोज हिला पोचवायला येऊ काय? राहू द्या घरी, शेळ्या राखील."

"अंबाबाई, मला आजचा दिवस द्या."

"दिला. पर सांजच्याला एकली घरी आली नाय, तं उद्यापास्नं पाटी बंद." ती वळली आणि सुंदराला म्हणाली, "मी न्यायला येणार नाय. ऐकलंस?"

सुंदराने मान हलवली. 

आई गेली आणि गुरुजींनी घमेलं खोलीच्या मध्यभागी ठेवलं. त्यात बादलीभर पाणी ओतलं. फळीवरून ते पाणी पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला, म्हणजे मी सगळाच गोळा, पण तुम्हाला समजलं असेल.

"मुलांनो," गुरुजी म्हणाले, "आपली गोष्ट रानात वाट चुकली आहे. वाट चुकली की जिथून निघालो तिथे परत यायचं. आपापलं पात्र आणा आणि पाण्यात सोडा."

"माझा वाघ मरंल," गजाने वाघ पाठीमागे लपवला.

"वाघ मरत नाही रे. वाघाची माती होते. लागला तर तिचाच पुन्हा वाघ."

गजाने वाघाच्या दोन्ही तोंडांवरून बोट फिरवलं आणि वाघ सोडला. मग घोरपड गेली, चेटकिणी गेल्या, सातही राजपुत्र एकापाठोपाठ गेले. प्रत्येकामागून पाण्यावर बुडबुडे येत होते. ते मी मोजू नये म्हणत होतो तरी नजर तिकडेच जात होती. शेवटी फळीवर मी एकटा राहिलो. 

"गुरुजी, ह्याला तुमीच टाका," जैतू म्हणाला.

"मातीकामाचा नियम काय? ज्याने केलं त्याने उचलायचं."

सुंदरा उठली. ती हळूहळू माझ्यापर्यंत आली, आणि मला वाटत होतं, तिने येऊच नये. तिने दोन्ही हातांनी मला धरलं.  तिने डोळे मिटले. माझ्या गुंजा मिटता येत नव्हत्या, म्हणून मी सगळं पाहिलं. पाणी जवळ आलं, थंड लागलं, आणि वरून मिटलं.

आधी माझं नाक गेलं. मग दात सुटून वर तरंगले. अंगभर चर्र चर्र आवाज झाला, जुन्या भेगांतून पाणी आत शिरलं आणि मला वाटलं, गणपती परत येत नाहीत ते ह्यामुळेच. मी संपण्याची वाट पाहत राहिलो. पण संपलो नाही. मी मऊ झालो. वाघात मिसळलो, न्हाव्यात मिसळलो, राजपुत्रांत मिसळलो, आणि त्या गारव्यात कोणाचंच ओझं राहिलं नाही.

गुरुजींनी तो चिखल गोणपाटावर पसरून उन्हात ठेवला. दुपारनंतर सगळ्या वर्गाने मिळून मला मळलं. सुंदरा कोपरापर्यंत माखली होती.

"आता सांगा, गोष्टीत पहिलं कोण?"

सगळे हात वर गेले.

"एकच. आणि दुसरं कोणी आणायचं असेल तर आधी पहिल्याला विचारायचं, तुला हा लागतो का."

वर गेलेले हात खाली आले. मग सुंदराने माझ्यातला एक तुकडा तोडला आणि एक साधी मुलगी केली. "एक पोर हाय," ती म्हणाली. "एकली घरी चाललीय."

"तिला वाघ लागंल?" गजाने विचारलं.

"नको."

"एसटी?"

"तिच्या वाटंला एसटी नाय."

"राजपुत्र?" जैतू म्हणाला. "एकच. लहानसा."

"नको रं."

"मग लागतं तरी काय तिला?"

सुंदराने मातीच्या मुलीला तळहातावर उभं केलं. "राक्षस," ती म्हणाली. नागू गुरुजींच्या धोतराला बिलगला. "त्यो नसला तं ती भेते कशाला? मग गोष्टच नाय."

आणि तिने लिंबाएवढा तुकडा घेऊन मला पुन्हा राक्षस केलं. या वेळी दात नव्हते. डोळ्यांच्या जागी फक्त करंगळीने दोन खळगे पाडले.

"डोळं?" गजा म्हणाला.

"काळोखात राहतो त्यो. त्याला दिसत नाय. त्यो बी भेतो."

हे तिला कसं कळलं, मला आजही ठाऊक नाही.

"मुलगी डोहापाशी आली," गुरुजी म्हणाले. "पुढे काय झालं ते उद्या सुंदरा सांगेल." आणि त्यांनी घंटा दिली.

सुंदराने मला मुठीत घेतलं आणि निघाली. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे कवळे, लहान लहान जुड्यांसारखे, पडले होते. मग शेतं संपली, वाट उतरली आणि डोह आला. काळं, न हलणारं पाणी. घमेल्याला तळ होता, ह्याला दिसत नव्हता. काठावरून काही तरी डुबकन पाण्यात पडलं. सुंदराने मूठ अशी आवळली की माझं नाक चपटं झालं. 

ती खाली वाकली. मूठ पाण्यावर धरली. आता ही मला सोडणार, मला वाटलं. राक्षस डोहातला, डोहात गेला, तिची वाट मोकळी. मी तिला दोष दिला नसता.

तिने दुसरा हात पाण्यात बुडवला आणि त्यातलं थोडं पाणी माझ्या अंगावर चोळलं. उन्हाने मला चीर जाऊ लागली होती, ती तिने बुजवली.

"भिऊ नको," ती हळूच म्हणाली. "घर जवळच हाय."

मित्रांनो, राक्षसाशी असं कोणी बोललं नव्हतं.

दगडांवरून नदी ओलांडून आम्ही वाडीजवळ आलो, तर बांधावर अंबाबाई विळा हातात घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. लेक एकटी येताना तिने पाहिली आणि एवढंच म्हणाली, "हातपाय धू जा." दुसऱ्या दिवशी पाटी शाळेत गेली. सुंदराने गोष्ट पुरी केली ती अशी: मुलीने राक्षसाला विचारलं, तुला घर सापडत नाय काय, आणि ती त्याला घरी सोडून आली. नागू माठातलं पाणी प्यायला गेला.

पुढे गुरुजींची बदली झाली. मातीकामाचा तास गेला. शाळेतला माझा मोठा गोळा वाळून दगड झाला आणि घमेलं कोणी सिमेंट कालवायला नेलं. सुंदरा लग्न होऊन मोहोपाड्याला गेली. नवरा तिथल्या कारखान्यात होता. तिने तिथल्या कामगारांच्या कॉलनीत बालवाडी काढली, तेव्हा ती शाळेत जाऊन मला पिशवीत घालून घेऊन आली. लहानगा मी तिच्या पेटीत होतोच. तिने भिजवून मळलं आणि आम्ही पुन्हा एक झालो.

आता तीही थकली आहे. मुलांना दुकानातली रंगीत माती मिळते. मी खिडकीत आहे, भेगाळलेला. पण वाळलो म्हणून मला फेकू नका. मला भरपूर पाण्यात बुडवा. मी घाबरेन, तुम्ही घाबरू नका. मग मळा, आणि पहिल्यांदा एकच कोणी तरी करा. त्याला हवा असेल तरच दुसरा. आणि तो राक्षस निघाला, तर त्याला वाटेत एकटा ठेवू नका, घरी सोडून या.