आंबट वासाचा खण

शिकलेल्या माणसांची एक खोड मला मेल्यानंतरही सोसवत नाही. घरातली बाई म्हणाली, "काहीतरी वास येतोय," की ते आधी तिच्याकडे बघतात, मग हसतात. नाक पुढे करून वास मात्र घेत नाहीत. आमच्या भाऊने हेच केलं, आणि त्याचं फळ आज माझ्या अंगावर पांढरं फुललं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. म्हणजे गोगलगाय केव्हाच गेली, मागे उरलं ते तिचं घर. आकार विचाराल तर तांदळाच्या कणीएवढा. हसू नका. "गोगलगाय नि पोटात पाय" ही तुमची म्हण मला ठाऊक आहे. आमचे पाय पोटालाच असतात, त्यात लपवाछपवी कसली? देवाने दिले तिथे दिले.

माझा जन्म प्रवाळाच्या खडकात झाला. प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून समुद्रात बांधलेली वस्ती. त्या वस्तीतल्या एका फटीत, ऊन पोचत नाही अशा जागी मी राहत होते. घर माझं मीच बांधलं. गवंडी नाही, सुतार नाही. पाण्यातला चुना अंगात मुरवायचा आणि कडेकडेने लिंपत जायचं. आपण वाढलो की घर वाढतं. अशी साडेचार वेटोळी झाली माझी. अगदी टोकाचं वेटोळं अंड्यात असतानाच झालेलं. त्यावर केसाहून बारीक अकरा रेघा होत्या आणि रेघांच्या मधे ठिपके होते, सुईने टोचल्यासारखे. होते म्हणते आहे, लक्षात ठेवा.

मग एके दिवशी मी मेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रिकामं घर खडकाच्या फटीत वाळूत पडलं आणि ती वाळू भाऊने पिशवीत भरली.

भाऊ शंखशिंपल्यांचा अभ्यासक. समुद्रात बुडी मारायचा, प्रवाळाचे मेलेले तुकडे ब्रशने घासायचा आणि खाली पडेल तो गाळ घरी आणायचा. गाळ गोड्या पाण्यात धुतला जायचा, चाळला जायचा, वर्तमानपत्रावर वाळत पडायचा. पुढचं काम आक्काचं. आक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. स्वतः जेमतेम दुसरी शिकलेली, पण नजर अशी की विचारू नका. काळ्या ताटलीत चिमूटभर वाळू पसरायची, भिंग पुढे ओढायचं आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारायचा. "तांदूळ निवडते तशीच निवडते," म्हणायची. "तिथे दाण्यांतनं खडा काढायचा, इथे खड्यांतनं दाणा."

मी तिच्या कुंचल्याला चिकटले आणि तिचा हात थांबला.

"भाऊ, इकडे ये. ही आपल्या नेहमीच्यातली नाही."

"पिल्लू असेल गं कुठल्यातरी मोठीचं."

"पिल्लू कसलं? ओठ बघ हिचा, किती जाड झालाय. पिल्लाचा ओठ कागदासारखा असतो. ही चांगली पोक्त बाई आहे!"

भाऊने भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ हलवलाच नाही.

पुढे दोन वर्षं त्याने माझ्यापायी खर्ची घातली. उंची मोजली, वेटोळी मोजली, रेघा मोजल्या. माझ्या जवळच्या-लांबच्या नातलगांची घरं शेजारी मांडून हिचं हे वेगळं, तिचं ते वेगळं, असं करत बसला. ठिपके मात्र त्याला दिसले नाहीत. त्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्राची ताकदच तेवढी नव्हती. शेवटी माझं चित्र छापून आलं आणि ही जात नवी आहे असं त्याने जाहीर केलं. नवी! आम्ही त्या खडकात नांदत होतो तेव्हा त्याच्या पणजोबाला दातही आले नव्हते.

मला 'मूळ नमुना' ठरवलं. म्हणजे त्या नावाची मालकीण मी. उद्या कोणी म्हणालं, मला तशीच एक सापडली, तर त्याने येऊन माझ्याशी ताडून बघायचं. माझ्यासारखी दुसरी भाऊला सापडली नव्हती. मी एकटीच.

कौतुकाने त्याने माझ्यासाठी नवं लाकडी कपाट करून घेतलं. आतून-बाहेरून पॉलिश, खण इतके घट्ट की मुंगी शिरणार नाही. धूळ नको, झुरळ नको, ऊन नको. प्रेमाने केलं हो, त्यात खोट नाही. मला कापसावर निजवलं आणि खण लोटला.

आठवड्याने आक्काने पुसायला म्हणून तो उघडला आणि नाक मुरडलं.

"भाऊ, आत आंबट वास मारतोय."

"नवं लाकूड आहे. जाईल वास."

"जाईल कुठे? वाट तर तूच बंद केलीस. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून बघ काय होतं ते. हिचं घरही चुन्याचंच ना? काचेच्या डबीत घाल तिला, लोखंडी मांडणीवर ठेव."

भाऊ हसला. "आक्का, तुझं स्वयंपाकघरातलं शास्त्र राहू दे. मोठमोठ्या संग्रहालयांत लाकडीच कपाटं असतात."

आक्का गप्प बसली. ती काही गप्प बसणारी बाई नव्हे. पण ज्याचं नाव छापून येतं त्याच्यापुढे तिने त्या दिवशी माघार घेतली.

समुद्रात मला लाटेने फोडलं नाही, खेकड्याने चावलं नाही. मला खाल्लं ते कपाटाने. दमट दिवस आले की लाकूड आंबट श्वास सोडायचं. तो कोंडून राहायचा आणि माझ्या अंगावर बसायचा. आधी झिलई गेली, मग अंगाला पीठ सुटलं. एकेक ठिपका बुजला, एकेक रेघ पुसली. मी मोडेन या भीतीने माझा खण कोणी उघडतच नव्हतं.

बाहेर समुद्र तापला. प्रवाळ पांढरं पडलं, मग त्यावर शेवाळ चढलं. भाऊने त्याच फटीतली वाळू तीनदा आणली. आक्का आता चष्मा लावून ताटलीपुढे बसायची, आणि उठताना एवढंच म्हणायची, "नाही आली."

नवव्या वर्षी दूरच्या एका संस्थेतली अभ्यासक बाई आली. पर्समधून तिने काचेची कुपी काढली. आत माझ्यासारखीच एक होती; दुसऱ्या एका प्रवाळात तिला सापडली तेव्हा ती जिवंत होती. तिथे बंदरासाठी खोदकाम ठरलं होतं. ही तीच दुर्मीळ जात आहे असं सिद्ध झालं, तरच ते थांबणार होतं.

"रेघा अकराच आहेत, सर," ती म्हणाली. "पण मधे ठिपके आहेत. तुमच्या लेखात ते नाहीत. तुमची एकदा पाहिली की प्रश्न मिटला."

होते गं बाई, ठिपके होते! ती माझ्याच घरची लेक होती. पण सांगू कशी?

भाऊने खण ओढला. कापसावर चिमूटभर पीठ आणि त्यात एक खरबरीत खडा. बाईने मला यंत्राखाली धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "यावरून काहीच सांगता येणार नाही." कुपी परत पर्समध्ये गेली. खोदकाम पुढल्या महिन्यात सुरू झालं.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिला काय मानवतं ते आधी विचारा. तुमच्या हौसेचं नंतर बघू. अधूनमधून तिच्याकडे बघत जा. बंद करून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही. आणि घरात कोणी म्हणालं वास येतोय, तर उठा. हसण्याआधी उठा.

बाई गेल्यावर भाऊ उघड्या खणापुढे बसून राहिला. आक्का आली. कोरड्या कुंचल्याने तिने मला उचललं, काचेच्या डबीत ठेवलं, झाकण लावलं.

"इतकं चांगलं कपाट करून घेतलं होतं गं, आक्का," तो म्हणाला.

"मी त्या दिवशी गप्प बसले, तेवढा दोष माझ्या पदरात घाल," आक्का म्हणाली. "पण वास मला आला होता आणि पदवी तुझ्याकडे होती. पदवीला नाक नसतं, भाऊ. तुला होतं."