कालवड पोट फुगून गेली म्हणे

"कागदी फुलांना हल्ली नुसती तारच तार. बोटांची चाळण झाली माझ्या," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गोठ्यात आम्ही मुकुट वळत बसलो होतो. उन्हाळाभर शिखराखालच्या कुरणात आम्ही राखलेला गावाचा कळप आज खाली उतरायचा होता, आणि सगळ्यांत पुढच्या गाईच्या डोक्यावर हा मुकुट चढायचा होता. डोंगरावर अपघातात एखादं जनावर गेलं, तर त्या वर्षी कळप बोडक्या डोक्यानं उतरतो. आजारानं गेलं तर फुलं चालतात.

म्हणून माझ्या नवऱ्यानं, विन्झेन्झनं, गावात सांगून टाकलं होतं, की क्रेसेन्झ मावशीची कालवड पोट फुगून गेली. गावानं फार खोदून विचारलं नाही. मिरवणूक बघायला पाहुण्यांच्या दोन बस यायच्या होत्या.

खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक. त्या दिवशी धुकं होतं. चीजचं दूध चुलीवर होतं, ते करपेल म्हणून मी धावले आणि कड्याकडचं फाटक उघडंच राहिलं. कालवड दरीत गेली. दूध मात्र छान राहिलं.

एवढ्यात क्रेसेन्झ मावशीच फिती घेऊन आल्या. मुकुटाला बांधायला, आपणहून.

"बर्गी, सरक जरा." त्या माझ्याशेजारी टेकल्या. "जिवाला लावून घेऊ नकोस गं. विन्झेन्झनं सांगितलं मला. रात्रभर तिचं पोट चोळत बसली होतीस म्हणे."

हे मला नवीन होतं. थाप मारताना विन्झेन्झचा हात नेहमीच सैल. माझे कान तापले.

"लाल फिती कशाला आणल्यास?" सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "निळ्या शोभल्या असत्या."

"आटपा गं," बाहेरून विन्झेन्झ ओरडला. "माणसं ताटकळलीत खाली."

मावशींनी मुकुट गाईच्या डोक्यावर नीट बसवला, फितीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

"गाठ तूच मार. तुझा मान आहे."

गाय शांत उभी होती. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मी टोकं सोडून दिली.

"मावशी, पोट नव्हतं फुगलं तिचं. कड्यावरून पडली ती. फाटक मी उघडं टाकलं होतं."