जावईबापूंची वकिली

वकीलसाहेबांना सासूबाईंचा फोन आला. "रविवारी या. दुकानाचं बोलायचंय. पोरांसमोर माझ्या बाजूनं कुणीतरी हवं," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला. साहेबांना पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. पोरांना म्हाताऱ्या आईचं शिवणाचं दुकान बंद करायचं असणार, दुसरं काय! सासूबाईंवर त्यांचा मनापासून जीव, त्यामुळे रागही मनापासून आला.

रविवारी सगळे दुकानातच जमले. कापडाचे तागे बाजूला सारून थोरला मेहुणा बेतायच्या टेबलावर बसला होता, धाकटा दाराला टेकून उभा. चहा यायच्या आधीच साहेबांनी तोंड उघडलं. सुरुवात नेहमीचीच: ॲडव्होकेट हा शब्द मुळात लॅटिन, म्हणजे अडचणीत जवळ बोलावलेला माणूस, आणि वकील अरबीतून आलेला, म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकून काम सोपवलं तो. बायकोनं हे लग्नापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं सरळ बटणांचा डबा निवडायला घेतला. मग साहेब तावातावानं मुद्द्यावर आले. हे दुकान म्हणजे आईंचा जीव की प्राण, ते बंद करायचा विचार तरी कसा येतो, वगैरे वगैरे. आवाज थेट कोर्टातला.

"अगदी बरोबर," थोरला म्हणाला. "आम्हीही तेच म्हणतोय. आईसाठी नवं मशीन सांगितलंय, मोटारीचं. उद्या येतंय."

विरुद्ध पक्ष इतक्या सहज कधीच शरण आला नव्हता. साहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि शाबासकीसाठी सासूबाईंकडे वळले. त्या मान खाली घालून आपलं मनगट चोळत होत्या. साहेबांनी आवाज खाली आणला.

"आई, तुम्हाला काय हवंय?"

"हे फोनवर विचाराल असं वाटलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पक्षकाराचं आधी ऐकून घ्या म्हणून हाताखालच्यांना धारेवर धरणारा हा माणूस, आणि घरात हे दिवे! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टूल ओढून ते सासूबाईंशेजारी बसले. चुकलो म्हणाले, आता सांगा, मी बोलतो यांच्याशी.

"नको. तुम्ही नुसते बसा इथं." बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि मुलांकडे पाहिलं. "मला दुकान बंद करायचंय रे. तुम्ही गावभर माझं कौतुक सांगत फिरता, म्हणून तोंड उघडवेना. हात फार दुखतात. आणि मला एकदा दुपारी झोपायचंय."

साहेबांच्या जिभेवर चांगले दोन-तीन मुद्दे आले होते, ते त्यांनी गिळले. थोरला टेबलावरून उतरला, आईसमोर उकिडवा बसला आणि तिचं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागला.

"कधीपासून दुखतंय?" त्यानं विचारलं.

बाईंनी जावयाची बाही सोडली आणि सांगायला सुरुवात केली.