रामजन्म खोळंबला

गोवर्धनबुवा रामनवमीच्या कीर्तनाला उभे राहिले. पुढ्यात तहसीलदारसाहेब, आणि मागं खांबाला टेकून दुर्गाबाई.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग कापसाच्या गाड्यांना अकोला-अमरावती सडक हवी, सडकेला दगड हवेत, दगडांना बैल हवेत! विधवा दुर्गाबाईची एकुलती एक जोडी सरकारनं वेठीला धरून नेली, त्याला दोन महिने झाले. वावर नांगरायचं तसंच पडलं होतं. साहेबाला कीर्तनात चार शब्द सुनावा, म्हणून ती बुवांच्या मागं लागली होती.

देवाच्या दारी सरकारचं बोलू नये, असं म्हणून बुवांनी अंग काढून घेतलं. देवळाची इनामजमीन साहेबाच्या एका सहीवर होती, दुसरं काय! पण बाई कसली ऐकते.

"गेल्या साली साहेबाच्या सांगण्यावरून इथंच उभं राहून कापूस पेरा म्हणे तुमी," ती म्हणाली. "तवा देव काय आंघोळीले गेल्ता?"

बुवांना ते फार झोंबलं.

माध्यान्हीला राम जन्मायचा, पाळणा हलायचा, मग सुंठवडा. तोवर तोंडात पाणी नाही आणि जागचं उठणंही नाही, अशी रीत. साहेब सारखे उन्हाकडं बघत होते. कौसल्येला कळा सुरू झाल्या आणि बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"राम येऊन नाही राहिला," ते म्हणाले. "म्हणते, दुर्गाबाईचे बैल सुटल्याबिगर मी काही जन्मत नाही."

सरकारी कारभार कीर्तनात आणू नका, असं साहेबांनी दरडावलं. बुवांनी नम्रपणे मान डोलावली आणि कौसल्येच्या कळा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतल्या. सूर्य कलला. पोरं रडायला लागली. शेवटी म्हातारी मैनाबाई भडकली.

"साहेब, देऊन टाका ना बाप्पा तिचे बैल! किती कळा सोसन ते माउली?"

साहेबांच्या पोटात कावळे कोकलत होते. त्यांनी शिपाई पिटाळला. सडकेचं काम गावाबाहेरच होतं. बैल देवळाच्या पायरीशी आले, दुर्गाबाई त्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि मुहूर्त पार टळल्यावर श्रीराम एकदाचे जन्मले.

दुसऱ्या दिवशी बुवांनी दार उघडलं, तर अंगणात अकरा शेतकरी उकिडवे बसलेले. साऱ्यांच्याच जोड्या सडकेवर. त्यांच्यातल्या जानरावानं पुढं होऊन अदबीनं हात जोडले.

"बुवा, हनुमान जयंती पाच दिवसांवर आली. मारुतीले किती येळ अडवून धरता येते?"