लाल चौकोन

नोंदणी खिडकीवरच्या एक्सप्रेसबाई गुरुवारी दुपारी पकडल्या गेल्या. आपण मात्र तसं काही झालंच नाही असं धरून चालू. दवाखान्यातही सगळे तसंच धरून चालतात.

"अहो बाई, 'छापा'चं बटण कुठं गेलं?" शेजारच्या खिडकीवरचा कारकून वैतागला होता.

"मला काय विचारता? माझंही तेच हरवलंय."

नवं सॉफ्टवेअर आल्यापासून सगळ्यांचंच काही ना काही हरवलं होतं. पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी बटणं. म्हणे डोळ्यांना शांत वाटतं. रांग पार फाटकापर्यंत गेली.

"ताप घेऊन आलो होतो, उतरला इथंच," एक आजोबा म्हणाले.

"मग जा की घरी."

"आणि नंबर जाईल त्याचं काय?"

बाई आतून सुखावल्या होत्या. त्यांची नजर कधीचीच धूसर झाली होती आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जुना पडदा हाताला पाठ होता: नाव, वय, विभाग, उजवीकडे खाली 'छापा'. न बघता झपाझप कागद काढायच्या, म्हणून तर एक्सप्रेस. नव्या पडद्यानं सगळ्या जागा हलवल्या. पण आता सगळेच चाचपडत होते. त्यात खरी चाचपडणारी कोण, हे कोण बघतंय? लोकांचा राग टिकला असता तर निवृत्तीपर्यंत निभावलं असतं.

म्हणून जन्मात आवाज न चढवलेल्या बाई रांगेला फूस लावू लागल्या. "गप्प काय उभे राहता? बोला की साहेबांना." लोक बोलले. टेबलं बडवली गेली. एकानं तर स्ट्रेचरवरून घोषणा दिल्या.

घोळ इतकाच झाला की कुणीतरी ऐकलं. कंपनीनं इंजिनिअर पाठवला, आणि "पुढाकार यांचाच," म्हणत साहेबांनी त्याला थेट बाईंच्या खुर्चीशी आणून उभं केलं.

"काकू, नवा नमुना आणलाय," त्यानं लॅपटॉप उघडून पुढं ठेवला. "दाखवतो हं..."

"बघितला," बाई घाईनं म्हणाल्या. "बटणं खाली घेतलीत, बरं केलंत. तेवढा मधला लाल चौकोन काढा. टोचतो डोळ्यांना."

नमुना अजून उघडायचाच होता. पडद्यावर त्याची मुलगी होती. लाल फ्रॉक घालून, पुढचे दात पडलेली, खदाखदा हसत.

कारकुनानं उघडलेलं तोंड मिटलं आणि तो आपली स्वच्छ काच पुसायला लागला.

"काढतो," इंजिनिअर म्हणाला. "अजून काही, काकू?"

त्याचा आवाज आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा खाली आला होता. बाईंना कानांनी सगळं नीट कळत असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि ताठ बसून म्हणाल्या, "घ्या लिहून."

त्यानं घेतलं:

"सबब, सदर बटणे पूर्वी होती तेथेच ठेवण्यात यावीत, तसेच सदर कर्मचारी सेवानिवृत्त होईपर्यंत जगात कोणीही कशातही सुधारणा करू नये, ही नम्र विनंती."